दोन दारांचं देऊळ

मी शिक्षिका म्हणून पहिल्यांदा रुजू झाले ते गाव तिसगावपासून दोन कोसांवर होतं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ती माणसं गेली, पण त्यांची नातवंडं अजून तिथं नांदताहेत, आणि त्यांना न विचारता आजोबांची भांडणं चव्हाट्यावर आणणं मला बरं वाटत नाही.

युद्ध चालू होतं. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून नगरहून निघणाऱ्या मोटारीला मागं कोळशाची भट्टी बसवलेली असे. करंजीच्या घाटात आमची मोटार दोनदा दमली, आणि सगळे उतारू खाली उतरून तिच्या बरोबरीनं पायी वर आले. तिसगावला एक उंच, ताठ गृहस्थ बैलगाडी घेऊन माझी वाट बघत उभे होते. जुना खाकी कोट, डोक्याला फेटा, पिळदार पांढऱ्या मिशा. त्यांनी मला टाच जुळवून सलाम केला.

"ख्रिस्ती मंडळीच्या पंचांपैकी मी. मागल्या लढाईत बसऱ्याला हुतो. हवालदार म्हनत्यात मला."

मी एकोणीस वर्षांची. नगरला वाढलेली, तिथंच शिक्षिकेचं शिक्षण घेतलेली. वडील दवाखान्यात कंपाउंडर. खेड्यात एक रात्रसुद्धा कधी काढलेली नव्हती. गाडीत बसल्यावर मी हवालदारांना विचारलं, "शाळा कुठं भरते?"

"देवळात," ते म्हणाले. आमच्याकडची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणत. "सहा दिस शाळा, सातव्या दिशी भक्ती. देऊळ बगाल तुमी. या टापूत असं दगडी काम न्हाई."

खरंच नव्हतं. गावाबाहेर, महारवाडा आणि मांगवाडा यांच्या मधोमध एका उंचवट्यावर ते काळ्या दगडाचं देऊळ उभं होतं. वर माळवद. मनोरा बांधायचा राहून गेला होता, म्हणून घंटा अंगणात सागवानी चौकटीला टांगलेली. मागच्या बाजूला माझी खोली, तिच्यापलीकडे एक विहीर, आणि आणखी पलीकडे मिशनरी साहेबाचा जुना बंगला. त्यात आता वटवाघळं राहत होती. हे सगळं पाहून झाल्यावर मी देवळाच्या पुढच्या भिंतीकडे नीट पाहिलं. तिला दोन दारं होती. शेजारी शेजारी, मध्ये जेमतेम तीन हातांचा दगडी खांब. डावं दार मोठं, रुंद, गाडी जाईल असं. उजवं लहान. बायकांचं आणि पुरुषांचं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्याच संध्याकाळी विहिरीवर पाणी भरताना एका म्हातारीनं मला विचारलं, "बाई, तुमी कुन्या दाराच्या?"

"म्हणजे?"

"म्हंजी थोरल्या दाराच्या का धाकल्या?"

मला कळेना. मग दुसऱ्या एका बाईनं हळूच सांगितलं. महारवाड्यातली मंडळी थोरल्या दारानं देवळात जातात, मांगवाड्यातली धाकट्या. आत मधली वाट सोडून दोन बाजूंना बसतात. पहिल्यापासून असंच आहे.

माझे वडील मोठ्या दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडलेले. तीन-चार वर्षांचे असतील. कुणीतरी त्यांना नगरच्या अनाथाश्रमात आणून सोडलं आणि ते तिथंच वाढले. आईवडील कोण, गाव कोणतं, काही ठाऊक नाही. आईचीही गोष्ट जवळपास तीच. घरात जातीचा विषय कधी निघालाच नव्हता, कारण काढायचा म्हटला तरी कुणाकडे उत्तर नव्हतं. हे सगळं मी त्या म्हातारीला सांगितलं. तिनं घागर डोक्यावर घेतली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग लई अवघड हाय बाई तुमचं."

त्यातून मी एक वाट काढली. देवळाच्या मागच्या अंगाला, व्यासपीठाजवळ, पाळकसाहेबांसाठी एक अरुंद दार होतं. पाळकसाहेब तिसगावला राहत आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी भक्ती चालवायला सायकलवर येत. एरवी ते दार बंदच असे. मी रविवारी त्या दारानं आत जाऊ लागले आणि बाजाची पेटी वाजवायला पुढंच बसू लागले. कुणी हरकत घेतली नाही. मला वाटलं, सुटलो आपण.

शाळेत एक गंमत होती. सोमवार ते शनिवार मुलं दिसेल त्या दारातून आतबाहेर पळत. शिवणापाणीच्या खेळात एका दारानं शिरून दुसऱ्यानं निसटणं हा त्यांचा ठरलेला डाव. रविवारी त्याच मुलांचे हात धरून त्यांच्या आया त्यांना आपापल्या दारानं आत नेत, आणि मुलंही गुमान जात.

अंगणात एक मोठा दगड उरलेला पडला होता. त्यावर दुपारी मांगवाड्यातले एक म्हातारे मिस्त्री येऊन बसत. सत्तरी ओलांडलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं, बोटं झिजून आखूड झालेली. देवळाच्या बांधकामावर राबलेल्यांपैकी गावात तेवढे एकटेच उरले होते. शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसे. देवळाची सगळी हकिगत मला त्यांच्याकडूनच कळली.

"आधी भक्ती महारवाड्याच्या चावडीत व्हायची," ते सांगत. "आमी भाईर, रस्त्यावर बसायचो. आतलं गानं ऐकायचं अन भाईरून म्हनायचं. मग साहेबानं मातीची शाळा बांधली, ती दोन पावसाळ्यांत बसली. मग आला दुष्काळ. साहेबानं धान्य आनलं, पर फुकट दिलं न्हाई. म्हनला, दगड काढा, देऊळ बांधू. दोनी वाड्यांची मानसं वढ्यावर गेली. मी तवा पंचविशीचा. दोर वळनाऱ्याच्या घरातला. हातात छन्नी पयल्यांदा तिथं धरली."

"आणि दारं दोन कशी झाली?"

त्यांनी थोरल्या दाराकडे बोट केलं. मग म्हणाले, "साहेबाच्या कागदावर एकच हुतं. ते थोरलं. भिंती झाल्या, माळवद झालं, पयल्या भक्तीचा दिस ठरला. तवा महारवाड्याची जानती मानसं साहेबाकडं गेली. म्हनली, दगड संगं उचलले ती पोटाची गोष्ट हुती, पर देवाच्या घरी आमी यांच्या मागनं एका दारातून जानार न्हाई. साहेबानं लई सांगितलं. तीन आठवडे देऊळ बंद ठिवलं. ती हटली न्हाईत. मग साहेबच हटला. मला बलावलं अन म्हनला, भिंत फोड, शेजारी दुसरं दार कर."

"तुम्हीच केलंत?"

"व्हय, मीच. दुसऱ्यानं केलं असतं तर कसंबसं केलं असतं. आपल्याच मानसांनी जायचं यायचं, म्हनलं कमान तरी झ्याक करावी."

मी उठून पाहिलं. वर्षभर रोज पाहिलेली ती कमान मी त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं पाहिली. थोरल्या दाराचे दगड ओबडधोबड होते. धाकट्या दाराचा एकेक चिरा घासून, मापून बसवलेला, सांध्यात नख शिरणार नाही असा.

"साहेब विहिरीवर मातुर हटला न्हाई," मिस्त्री म्हणाले. "विहीर एकच ऱ्हाईल म्हनला, न्हाईतर बुजवून टाकतो. तहान लागल्यावं सगळे ऐकत्यात."

मला तिथं येऊन दोन वर्षं होत आली तेव्हा हस्ताचा पाऊस तीन दिवस लागून राहिला. माळवदावरची माती भिजून जड झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मुलांना पाढे म्हणायला लावले होते. अचानक वरून मूठभर चुना एका मुलीच्या पाटीवर पडला. मी मान वर केली. थोरल्या दाराच्या कमानीपासून थेट माळवदापर्यंत एक भेग गेली होती, आणि कमानीच्या माथ्याचा दगड बोटभर खाली सरकला होता. मी मुलांना मागच्या दारानं बाहेर काढलं. पंचेचाळीस मुलं, एकेक करून, त्या माझ्या अरुंद दारानं. शेवटचं मूल बाहेर पडल्यावर मी सगळ्यांना पुन्हा एकदा मोजलं.

पाऊस थांबल्यावर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी ओळंबा सोडून भिंत तपासली, मधला खांब हातानं चाचपला, कान लावून ठोकून पाहिला. सगळी मंडळी अंगणात उभी होती. पाळकसाहेबही सायकल हाणत आले होते.

"मधला खांब दोन कमानींचं वझं घिऊन उभा हाय," मिस्त्री म्हणाले. "मूळ भिंतीत तो नव्हताच. दुसरं दार फोडलं तवा त्यो झाला. एक दार दगडानं बुजवलं तर देऊळ तरंल. न्हाईतर फुडल्या पावसात सगळं खाली."

"मग बुजवू," हवालदार म्हणाले. "धाकलं बुजवू."

मांगवाड्याच्या बाजूनं एक जण म्हणाला, "अन आमी कुठनं यायचं?"

मिस्त्रींनी मान हलवली. "धाकलं बुजवून भागायचं न्हाई. फुटलीय ती थोरली कमान. फुटकी ठिवून धड बुजवली तर उद्या फुटकीबी येतीय खाली."

"थोरली नवी बांध."

"तिच्यासाठी मधला खांब उतरवावा लागंल. त्यो उतरवला की माळवद येतं. बुजवायचं तर थोरलंच बुजवावं लागंल, हवालदार."

हवालदार एक पाऊल पुढं आले. "तुजं दार ऱ्हावं म्हनून तू ह्ये बोलतूस."

मिस्त्रींनी हातातला ओळंबा दोरीसकट त्यांच्यापुढं धरला. "ह्यो घ्या. सवता लावून बगा."

हवालदारांनी तो घेतला नाही. वळले आणि निघून गेले. त्यांच्यामागून महारवाड्याची सगळी मंडळी गेली. पाळकसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुम्ही दोन्हींकडच्या नाही. तुमचं ऐकतील. तुम्ही बोला."

मी बोलले नाही. मला भीती वाटली. परक्या गावात एकटी राहणारी मुलगी मी. महारवाडा रुसला तर शाळा अर्धी रिकामी होईल, मांगवाडा रुसला तरी अर्धी. दोन्हींकडची नसणं म्हणजे दोन्हींकडच्यांना टाळणं, असाच अर्थ मी इतके दिवस लावून घेतला होता. त्या दिवशी मागच्या दाराची मला पहिल्यांदा लाज वाटली.

नगरच्या मिशनला पत्र गेलं. उत्तर आलं की आता मंडळीनं आपल्या इमारती आपणच सांभाळाव्यात. पाळकसाहेबांनी दोन्ही कमानींना लाकडी टेकू लावून घेतले. थोरल्या दारात टेकूंची इतकी गर्दी झाली की त्यातून मांजरही जाणं कठीण. देवळात कुणी जाईना. शाळा लिंबाखाली भरू लागली आणि भक्तीही लिंबाखालीच. महारवाडा झाडाच्या एका अंगाला, मांगवाडा दुसऱ्या. काही रविवारी तर दोन्हींकडे वेगवेगळी गीतं सुरू होत आणि मध्ये बसलेल्या मला कोणत्या सुरात पेटी धरावी ते कळत नसे. त्या वर्षीचा नाताळ आम्ही असाच उघड्यावर काढला.

हवालदारांच्या बायकोला सगळे आक्का म्हणत. ठेंगण्या, सावळ्या, हसताना पदर तोंडाशी धरणाऱ्या. मी आले त्या वर्षापासूनच त्या दुपारी माझ्या खोलीवर येत. मुलांच्यात बसायची लाज वाटते म्हणून एकट्याच, पाटी पदराखाली लपवून. त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. त्याची पत्रं हवालदार वाचून दाखवत, पण मोठ्यानं आणि भराभर, हुकूम वाचावा तशी. "त्यानं काय काय लिवलंय ते मला माजं मला वाचायचं हाय," त्या म्हणत. "दोनदा वाचीन, पाच बारी वाचीन. कोन इचारनारं?" वर्षभरात त्या अक्षर लावून वाचू लागल्या होत्या.

उन्हाळा सुरू झाला होता. सकाळची शाळा चालू असताना तिसगावचा पोस्टमन सायकल ढकलत चढावर आला. तार होती. हवालदारांचं घर त्यानं मला विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी मुलांना बसवून त्याच्याबरोबर गेले. हवालदारांनी तार हातात घेतली. इंग्रजी होती. त्यांनी ती माझ्याकडे दिली.

"वाचा."

मुलगा बेपत्ता असल्याचं कळवलं होतं. मी मराठीत सांगितलं. हवालदार ताठ उभे राहिले, जणू कुणी वरचा अधिकारी समोर होता. आक्का चुलीपुढून उठल्या. हाताला पीठ तसंच.

"म्हंजी हाय का न्हाई?" त्यांनी मला विचारलं.

"सापडत नाही, असं लिहिलंय, आक्का."

त्या रडल्या नाहीत. हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "मला देवळात न्या."

"देऊळ बंद हाय," हवालदार म्हणाले.

"मला देवळात जायचंय. त्याचा बाप्तिस्मा झाला त्या जागेवर बसायचंय."

आणि त्या चालू लागल्या. मी त्यांच्यामागून, हवालदार आमच्यामागून. वाटेत बायका घराबाहेर आल्या आणि काही न विचारता आमच्यात मिसळल्या. देवळाच्या अंगणात आक्का क्षणभर थोरल्या दारापुढं थांबल्या. टेकूंचं जंगल होतं तिथं. मग त्या तीन पावलं उजवीकडे सरकल्या आणि धाकट्या दारातून आत गेल्या. तिथं एकच टेकू होता, त्याला हात लावून, वाकून.

अंगणातल्या बायका थबकल्या. महारवाड्याची एकही बाई त्या दारानं कधी गेलेली नव्हती. मग मांगवाड्यातली एक म्हातारी, पहिल्या दिवशी मला विहिरीवर भेटलेली तीच, पुढं झाली आणि आत जाऊन आक्कांच्या शेजारी बसली. तिनं आक्कांच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा आक्का रडल्या. तो आवाज ऐकून बाकीच्या बायका आत गेल्या. मीही गेले. मागच्या दारानं जायचं मला सुचलंही नाही.

मी आतून पाहत होते. हवालदार बाहेर उन्हात उभे होते. मिस्त्री आपल्या दगडावरून उठले आणि त्यांच्याजवळ गेले.

"हवालदार, कमान पक्की हाय. मी ठोकून बगितलीय. या आत."

"कमान पडंल म्हनून भीत न्हाई मी," हवालदार म्हणाले.

"मला ठावं हाय."

दोघं तसेच उभे राहिले. हवालदार आत आले नाहीत. आक्का बाहेर आल्यावर त्यांनी त्यांचा हात धरला, एवढ्या लोकांदेखत, आणि घरी नेलं.

मला वाटलं होतं, गोष्ट इथंच थांबेल. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटलं तेव्हा मला गाडीच्या चाकांचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर हवालदार एकटेच गाडीतून दगड उतरवत होते. घडीव चिरे होते ते. मुलगा रजेवर आला की त्याचं लग्न करायचं आणि त्याआधी घराचं तोंड दगडी बांधायचं, म्हणून ते दोन वर्षं एकेक चिरा जमवत होते. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. मी धावत जाऊन म्हणाले, "हवालदारसाहेब, हे कशाला?"

"घर कुनासाठी बांधू आता?" ते म्हणाले. "मिस्त्रीला बलवा."

मिस्त्री आले. चिऱ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दगड चांगला हाय. पर मला आता उचलवत न्हाई."

"तुमी बसा अन सांगा. मी उचलतो."

आदल्या हंगामात ज्याला 'तू' म्हटलं होतं त्याला हवालदार आज 'तुमी' म्हणत होते. मला वाटतं मिस्त्रींनीही ते ऐकलं, कारण त्यांनी मान खाली घातली आणि उगीचच ओळंब्याची दोरी सोडवत बसले.

पहिला दिवस ते दोघंच होते. मिस्त्री दगडावर बसून सांगत, हवालदार पाया मोकळा करत. दुपारी आक्कांनी माझ्या हाती भाकरी पाठवली, एका फडक्यात चार. हवालदारांनी त्यातल्या दोन मिस्त्रींपुढं ठेवल्या.

"माजी भाकर हाय घरी," मिस्त्री म्हणाले.

"ती राती खा."

दोघं टेकूच्या सावलीत बसून जेवले. बोलले मात्र फारसं नाहीत. एकदा मिस्त्रींनी विचारलं, "पोरगा शेवटला कवा आल्ता?" आणि हवालदारांनी सांगितलं, "दिवाळीच्या आदी." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मांगवाड्यातले चार तरुण आले. तिसऱ्या दिवशी महारवाड्यातले. देवळाच्या बांधकामावेळची चुना मळायची घाणी पुन्हा सुरू झाली, शाळेतली मोठी मुलं बैलामागं फिरू लागली, बायका विहिरीवरून पाणी आणू लागल्या. मी शाळा दुपारपर्यंतच घेई. अडीच आठवड्यांत थोरलं दार खालपासून वरपर्यंत बुजलं. नवे चिरे फिकट दिसत होते, त्यामुळे जुन्या दाराचा आकार भिंतीवर स्पष्ट उमटून राहिला. पाळकसाहेब म्हणाले, वरून चुना मारू. मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दिसू द्या काय हुतं ते."

पहिल्या रविवारी घंटा झाली तेव्हा सगळी मंडळी अंगणात घोळक्यानं उभी होती. पुढं कुणी व्हायचं ते कुणाला कळेना. शेवटी मुलांनीच तो प्रश्न सोडवला. ती सवयीनं धावत आत शिरली. मग मोठी माणसं गेली. हवालदार उंच, त्यांना फेटा सांभाळत चांगलंच वाकावं लागलं.

सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. महारवाड्यातली दोन घरं वर्षभर दुसऱ्या गावच्या देवळात जात राहिली. आत गेल्यावरही माणसं पूर्वीसारखीच दोन बाजूंना बसत. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा पेला आधी कोणत्या बाजूला फिरवायचा यावरून पाळकसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडत. एका दारानं एवढंच केलं की आत जाताना एकमेकांचे खांदे लागू लागले, आणि "सलाम आक्का", "सलाम बाबा" म्हणणं भाग पडलं. पूर्वी तेही नव्हतं.

युद्ध संपल्यावर सरकारी पत्र आलं. हवालदारांचा मुलगा गेल्याचं त्यात नक्की कळवलं होतं. आक्कांनी ते पाकीट स्वतः फोडलं, पण कागद इंग्रजी होता. "आता ह्येबी शिकवा मला," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. देवळात त्याच्यासाठी भक्ती झाली. मिस्त्री पहिल्या रांगेत बसले होते, हवालदारांच्या शेजारी. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. ताप आला आणि चार दिवसांत संपले. त्यांना खांदा द्यायला हवालदार होते.

स्वातंत्र्य आल्यानंतर दुसऱ्या वर्षी माझी बदली श्रीरामपूरला झाली. लग्नही ठरलं होतं. निघायच्या दिवशी आक्कांनी मला शेंगदाण्याची चटणी आणि तिळाच्या भाकरी बांधून दिल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. गाडी हवालदारांनीच जुंपली. वाटेत ते बराच वेळ बैलांशीच बोलत होते. तिसगाव दिसू लागलं तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले,

"माळवद काडायचं ठरलंय, बाई. लई जड झालंय. वर पत्रे टाकायचे का मंगलोरी कौलं, यावरनं पंचांत भांडन हाय."

"कोण काय म्हणतंय?"

"आमच्या वाड्यातले निम्मे पत्रे म्हनत्यात, निम्मे कौलं. मांगवाड्यातबी तसंच. काल तर माजा सख्खा भाऊ मांगवाड्याच्या बाजूनं माज्या इरुद्ध बोलत हुता." त्यांनी कासरा ओढला. "तुमी काय म्हनाल?"

"कौलं," मी म्हणाले. "उन्हाळ्यात मुलांना बरं पडेल."

"मी पत्रेवाला हाय," ते म्हणाले, आणि गाडी स्टँडकडे वळवली.